फुली म्हणजे हो की नाही?

तुम्ही विचारलंय की 2000 साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष 537 मतांवरून ठरला, तर इतक्या थोड्या फरकाचा निकाल हरणाऱ्याने का मानावा, आणि आपल्याकडे असं झालं तर काय. जाता जाता दुसरंही विचारलंय: मतपत्रिकेवरचा आपला रबरी शिक्का स्वस्तिकासारखा का असतो? मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. 1998 च्या लोकसभेपासून निवडणुकीची ड्यूटी करत आले, पुढे काही वेळा केंद्राध्यक्षही होते. माझ्या लेखी तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

लढत जॉर्ज बुश आणि अल गोर यांची होती, जिंकले बुश. तिथे राष्ट्राध्यक्ष राज्यवार निकालांवरून ठरतो, सगळं फ्लोरिडा राज्यावर येऊन अडलं आणि 537 चा फरक तिथलाच. फ्लोरिडात तेव्हा बऱ्याच ठिकाणी पंचकार्डावर मतदान होतं. उमेदवारासमोरच्या जागी टोच्याने भोक पाडायचं आणि ती भोकं यंत्र मोजणार. पण भोकाचा कागदी तुकडा पूर्ण सुटलाच नाही तर? काही कार्डांवर तो एका कोपऱ्याला लोंबत होता, काहींवर नुसता फुगला होता, काहींवर बारीक खळी पडली होती. साठ लाखांच्या आसपास मतं आणि फरक काहीशे. माणसं भिंग लावून कार्ड उजेडाकडे धरून बघत बसली. एका परगण्यात लोंबता तुकडा म्हणजे मत, शेजारच्या परगण्यात खळीसुद्धा मत. पाम बीच परगण्यात तर मोजणी चालू असतानाच माप बदललं गेलं. त्याच पाम बीचमध्ये ज्येष्ठांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं होतं. नावं एका पानावर मावेनात, म्हणून समोरासमोर दोन पानांवर छापली आणि भोकं मधल्या पट्टीत ठेवली. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं. एकापेक्षा जास्त भोकं पडल्यामुळे त्या एका परगण्यात 19 हजारांहून अधिक कार्डं बाद झाली. हेतू किती चांगला होता! मला त्या बाद कार्डांचं फार वाईट वाटतं. ती माणसं रांगेत उभी राहिली होती, घरी जाऊन मत दिलं असंच समजत होती.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ठिकठिकाणी वेगळं माप लावणं चूक आहे, हे नऊपैकी सात न्यायमूर्तींना पटलं. मग नवं माप ठरवून पुन्हा मोजायचं का, यावर मात्र 5 विरुद्ध 4 असा कौल आला आणि 12 डिसेंबरला मोजणी कायमची थांबली. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. तरी दुसऱ्या दिवशी, निकाल पटलेला नाही असं सांगून त्यांनी तो स्वीकारला. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांनी मिळून ती वादातली कार्डं तपासून घेतली. गोर यांनी मागितली होती तेवढीच फेरमोजणी झाली असती तर बुश जिंकत होते, पण साऱ्या राज्यातली वादातली सगळी कार्डं तपासली असती तर गोर थोडक्यात पुढे जात होते. म्हणजे मतं तीच, आणि माप बदललं की राष्ट्राध्यक्ष बदलतो.

आता शिक्का. मतदार कागदाची घडी घालतो तेव्हा शाई ओली असते. वरच्या उमेदवारासमोरचा ठसा घडीत खालच्या उमेदवारासमोर उमटू शकतो. साधी फुली किंवा गोल असता तर खरा ठसा कोणता आणि उमटलेला कोणता हे कळलंच नसतं. आपल्या शिक्क्याचे हात एका दिशेने वळलेले असतात, आरशातल्यासारखा उलटा उमटला की वळण उलटं दिसतं. मोजणाऱ्याला तिथल्या तिथे समजतं. शिवाय कोणतं मत बाद, हे नियमात आधीच लिहिलेलं आहे: दुसऱ्याच कशाने खूण केली तर बाद, दोघांना मत दिलं तर बाद, मतदार ओळखू येईल अशी खूण असली तर बाद. पण ठसा पुसट आहे किंवा एकाच उमेदवारावर दोनदा मारलाय, एवढ्यावरून बाद करायचं नाही, हेतू स्पष्ट दिसला तर मत धरायचं. कागदावर शाई लागायच्या आधीच या वादाचा विचार कुणीतरी करून ठेवलाय, याचं मला आजही कौतुक वाटतं.

याची किंमत मला आमच्या सोसायटीत कळली. कमिटीच्या एका जागेला दोन उमेदवार, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि तळमजल्यावरची एक तरुण मुलगी. मला अनुभव आहे म्हणून मोजणी माझ्याकडे दिली. सूचना मीच टाईप केली होती आणि त्यात लिहिलं होतं, ‘पसंतीच्या नावासमोर खूण करावी.’ कोणती खूण, ते लिहिलं नव्हतं. एकूण 55 मतं. काकांना 27, मुलीला 25 आणि तीन चिठ्ठ्या हातात तशाच. एकीवर एका नावापुढे बरोबरची खूण आणि दुसऱ्यापुढे फुली. ती सोपी. दुसरीवर खूण चौकोनाच्या बाहेर, पण नावाच्या ओळीत. तिसरीवर एका नावापुढे नुसती फुली, दुसरं कोरं. फुली म्हणजे हो की नाही? मी तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. माझ्या लाल पेनाची फुली म्हणजे चूक. पण निवडणुकीत आपण फुलीच मारत आलो. ज्याने मारली त्याच्या मनात शाळा होती की मतदान केंद्र?

चिठ्ठ्या मी कुणाला दाखवल्या नाहीत. दोघांना समोर बसवलं आणि नावं न सांगता फक्त खुणा सांगितल्या. ‘एका नावापुढे फुली, दुसरं कोरं, धरायचं का?’ कुणाचा फायदा हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून दोघं खरा विचार करून बोलले. काका म्हणाले, ‘ज्याला नको त्याच्यावर फुली मारायला कोण खाली उतरून येतं? मत आहे ते.’ मुलगीही हो म्हणाली. मग चिठ्ठ्या उघडल्या. दोन मुलीच्या, एक काकांची. 28 विरुद्ध 27. काका एका मताने जिंकले. मुलीने तक्त्यावर सही केली, पण पुढे बरेच दिवस जिन्यात भेटली तरी माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. माप मतदानानंतर ठरलं होतं आणि ती चूक माझी होती. दोघांच्या संमतीने ठरलं म्हणून निभावलं, एवढंच.

यंत्रावर फुलीचा प्रश्न उरत नाही, पण हिशोबाचा उरतो. एका निवडणुकीत माझी ड्यूटी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर लागली होती. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान घेतलं, ती मतं पुसली, मशीन सील केलं. दुपारी एक आजी रजिस्टरवर अंगठा उठवून झाल्यावर म्हणाल्या, मला नाही दाबायचं बटण. समजावून पाहिलं, ऐकेनात. त्याचीही तरतूद आहे. त्यांच्या नोंदीपुढे ‘मत देण्यास नकार’ असा शेरा लिहिला आणि त्यावर अंगठा घेतला. संध्याकाळी बंद करताना रजिस्टरमध्ये 612 आणि मशीनवर 611. शेवटपर्यंत थांबलेला एक प्रतिनिधी, विशीतला शेतकरी मुलगा, लगेच म्हणाला, ‘मॅडम, एक कमी आहे.’ मी पान उघडून शेरा दाखवला. त्याने वाचला, मग 17सी नमुन्याची प्रत घेतली, घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातली. त्या कागदावर मशीनचा क्रमांक, सीलचा क्रमांक आणि झालेल्या मतांचा आकडा असतो. मोजणीच्या टेबलावर मशीन येतं तेव्हा उमेदवाराच्या माणसाने हे सगळं ताडून बघायचं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, जिथे नोटा छापतात. खराब झालेल्या कागदाचाही हिशोब लागल्याशिवाय पाळी सुटत नसे, असं ते सांगायचे. त्या मुलाची घडी बघून मला तेच आठवलं.

आपल्याकडेही थोडक्यात निकाल लागलेत. 2008 च्या विधानसभेत राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी 62,215 विरुद्ध 62,216 असे एका मताने हरले. 2024 च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल 48 मतांचा होता, हायकोर्टात गेला आणि तिथे याचिका फेटाळली गेली. समसमान झाली तर चिठ्ठी काढतात, हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. 2017 च्या मुंबई महापालिकेत एका प्रभागात तसंच झालं. लोकसभा-विधानसभेच्या निकालावर ज्याला शंका आहे त्याला निकालानंतर 45 दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करता येते. शंका घेणाऱ्याला लगेच रडका म्हणू नये असं माझं मत आहे. पण त्याच्या हातात ताडून बघायला काही हवं.

म्हणून हरणारा मानेल का, हे मला उमेदवाराच्या स्वभावावरून सांगता येणार नाही. तुमच्या वॉर्डात पुढच्या वेळी मतदान संपत आलं की केंद्राबाहेर जाऊन बघा, ओळखीच्या प्रतिनिधीला विचारा, ‘17सी घेतलास का?’ माझ्या केंद्रांवर बरेच जण पाच वाजताच चहाला म्हणून निघून जायचे. मी प्रती भरून, सही करून ठेवायचे आणि त्या घ्यायला कुणीच नसायचं.