बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न: काका, नमस्कार. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आम्ही तिचं फिरतं घर करून घेतलं. मांडूला मुक्काम असताना मिक्सर लावला की इन्व्हर्टर टीं-टीं करायचा आणि बंद पडायचा. मीटर मात्र १२.६ व्होल्ट दाखवतं. बॅटरीवाला म्हणतो, बॅटरी गेली, नवी घ्या. घ्यावी का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: इतक्यात पैसे काढू नका. १२.६ हा आकडा काहीच चालू नसतानाचा आहे. बसल्या माणसाची नाडी बघून तो राजवाड्यापर्यंत पळेल की नाही, हे कसं सांगणार? माप घ्यायचं ते मिक्सर चालू असताना.

साधं मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. घरच्या कुणाला तरी मिक्सर चालवायला सांगा आणि तुम्ही दोन ठिकाणी मापं घ्या. पहिलं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर. क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर. दुसरं इन्व्हर्टरला जिथं बॅटरीच्या केबली येतात त्या स्क्रूंवर. चार्ज केलेली बॅटरी खांबांवरच ११ च्या खाली बसली, तर बॅटरीवाला खरं बोलतोय. पण खांबांवर १२.२ आणि इन्व्हर्टरपाशी १०.७ दिसले, तर बॅटरी ठणठणीत आहे. मधल्या मधे दीड व्होल्ट कुणीतरी खातंय. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास मान टाकतात.

हिशेब करून बघा. ५०० वॅटचा मिक्सर १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरची स्वतःची खोट धरून, ५० अँपिअरच्या आसपास ओढतो. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट केबलमध्येच गेले. तीच ३५ ची टाकली तर पाव व्होल्टाच्या थोडं वर. बंगल्याची वायरिंग करणारा माणूस गाडीत केबल टाकतो तेव्हा हा घोटाळा हमखास होतो, कारण २३० व्होल्टवर तेवढ्याच वॅटला जेमतेम सव्वादोन अँपिअर लागतात. त्याला ती केबल जाडजूडच वाटते.

केबल जाड असेल तर लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी बघा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत केबल चांगली ३५ ची होती, पण लग लहान आणलेला. कारागिरानं ब्लेडनं निम्म्या तारा कापून उरलेल्या आत कोंबल्या, वर पक्कड दाबली आणि काळी टेप गुंडाळली. टेप सोडली तर आत हिरवी बुरशी, आणि प्लास्टिक वितळून तारांना चिकटलेलं. दीड व्होल्ट गुणिले ५० अँपिअर म्हणजे ७५ वॅट. एवढी उष्णता त्या एका सांध्यात. त्यामुळं मिक्सर बंद केल्यावर सांध्यांजवळ हात नेऊन बघा, गरम सांधा आपणच सापडतो. मायनसची केबल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला कसली असेल तर बोल्टखालचा रंग खरवडलाय का, तेही बघा. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज केबलला जळण्यापासून वाचवायला असतो.

प्रश्न: इंदूरहून ओंकारेश्वरला गाडी चालवत गेलो, तरी गाडीतल्या फिरत्या घराची बॅटरी भरली नाही. असं का?
– एक वाचक, महू

उत्तर: दोन तासांत भरणारही नाही. १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी निम्मी रिकामी असेल तर ५० एएच हवेत, आणि शिशाची बॅटरी शेवटी शेवटी फार हळू पिते. तरी इंजिन चालू ठेवून घराच्या बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग होतंय. १२.४ वरून हललंच नाही, तर मधला रिले, म्हणजे इंजिनाची आणि घराची बॅटरी जोडणारा आपोआप स्विच, लागत नाही किंवा त्याचा फ्यूज गेलाय. बॅटरी लिथियमची असेल तर रिले काढा आणि डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज बेतानं बॅटरीला देणारं यंत्र, लावून घ्या.

प्रश्न: खलघाटजवळ एका ढाब्यावरून वीज घेतली होती. पाऊस पडून गेलेला. अनवाणी उभी राहून गाडीच्या दाराची कडी धरली तर झिणझिण्या आल्या. आत बसलेल्यांना काहीच नाही.
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, हे हसण्यावारी नेऊ नका. गाडी रबराच्या चाकांवर उभी. अर्थिंग तुटलं की पत्र्यात वीज उतरते. आतले सगळे त्याच पत्र्यावर, म्हणून त्यांना कळत नाही; ओल्या मातीत पाय असलेल्याला बसते. ढाब्याच्या प्लगला अर्थिंग नसेल, किंवा तुम्ही तीन पिनला दोन पिनचं कन्व्हर्टर लावलं असेल. तसं असेल तर ते फेकून द्या. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी गळती येतेच, पण गिझरचा एलिमेंटही फुटलेला असू शकतो. तो इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वीजगळती शोधायचं मीटर) लावून तपासून घ्या.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेल्यावर पडणारा स्विच, अशा गळतीला पडत नाही. गाडीत वीज शिरते तिथंच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टी लिहिलेलं बटण प्रत्येक सहलीआधी दाबून बघा, फटकन पडला पाहिजे. पुन्हा झिणझिण्या आल्या तर दाराला हात न लावता आधी ढाब्याकडचं बटण बंद करा, मग प्लग उपटा.