प्रोजेक्टरवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) काळपट दिसतो. बाहेरचा व्हिडिओ प्रोसेसर लावून फरक पडेल का?

हो, आणि चांगलाच पडतो. एचडीआर चित्रपट बहुधा १००० किंवा ४००० निट्स (ब्राइटनेसचं एकक) गृहीत धरून मास्टर केलेले, म्हणजे अंतिम रूपात तयार केलेले असतात. घरच्या पडद्यावर जेमतेम १०० निट्स मिळतात. एचडीआर१० या एचडीआरच्या प्रकारात मेटाडेटा (चित्रासोबत येणारी ब्राइटनेसची माहिती) अख्ख्या चित्रपटासाठी एकच, त्यामुळे साधा प्रोजेक्टर अंधारी दृश्यंही विनाकारण दाबून टाकतो. मॅडव्हीआर एन्व्ही किंवा लुमाजेन रेडियन्स प्रो हे बाहेरचे प्रोसेसर प्रत्येक फ्रेम तपासून टोन मॅपिंग (चित्राची ब्राइटनेस पडद्याच्या क्षमतेत बसवणं) बदलतात. मग मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा नीट दिसतो, ढगांमधले तपशीलही पांढरेफटक होत नाहीत.

मात्र पडद्यावरची खरी ब्राइटनेस मोजूनच प्रोसेसरमध्ये आकडा भरा आणि प्रोजेक्टरचं स्वतःचं टोन मॅपिंग बंद ठेवा. ही यंत्रं महाग आहेत. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये चांगलं डायनॅमिक (दृश्यानुसार बदलणारं) टोन मॅपिंग असेल, तर आधी खोली पूर्ण काळोखी करा.