'ओल्ड आयर्नसाइड्स' ही अमेरिकी युद्धनौका खरंच लोखंडाची होती का?

नाही, ती लाकडीच. 1797 मध्ये बोस्टनला पाण्यात उतरलेल्या या शिडाच्या जहाजाचं खरं नाव 'कॉन्स्टिट्यूशन'. पांढऱ्या ओकच्या दोन थरांमध्ये 'लाइव्ह ओक' नावाचं अतिशय टणक लाकूड, त्याच्या फासळ्या अगदी जवळजवळ बसवलेल्या. ऑगस्ट 1812 मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'गेरियर'चे तोफगोळे त्यावर आपटून पाण्यात पडले, तेव्हा खलाशी ओरडले, हिच्या बाजू लोखंडाच्या आहेत!

मला मात्र त्याच डिसेंबरातली ब्राझीलजवळची लढाई जास्त महत्त्वाची वाटते. तिथे हिने हरवलेल्या ब्रिटिश 'जावा' जहाजावर मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती म्हणून निघालेला थॉमस हिस्लॉप होता. पुढे 1817 मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला तोच हा. 'कॉन्स्टिट्यूशन' आजही बोस्टनला आहे, अमेरिकी नौदलाच्या सेवेत.