तिच्या वहीतल्या अठरा चौकटी

(नाशिकहून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७१ टक्के गुण मिळाले असून गणितात सर्वांत कमी आहेत. दोन वर्षांपासून ती ए.आय.च्या साहाय्याने प्राचीन इजिप्तच्या शैलीतील चित्रे तयार करते. वडिलांनी तिला न विचारता 'कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स' शाखेत आगाऊ रक्कम भरून जागा धरली आहे. चित्रांची पोस्टर विकून तिने काही खर्च स्वतः उचलावा, अशी त्यांची अपेक्षा आहे आणि ती नकार देते. तिचा हट्ट कसा मोडावा, असे ते विचारतात.)

महोदय,

आपल्या पत्रात गुणांविषयी चार ओळी आहेत आणि मुलीच्या हट्टाविषयी दोन पाने. मला काळजी वाटली ती त्या दोन पानांची. पोस्टर न विकण्याचे तिने दिलेले कारण आपणच लिहून कळवले आहे : चित्रांतली चित्रलिपी खोटी आहे. त्यावर आपण तिला विचारलेत, "ती वाचता येते कोणाला?" फ्रेंच अभ्यासक शांपोलियन याने १८२२ मध्ये इजिप्तची ही लिपी उलगडली आणि तेव्हापासून ती वाचणारे व शिकवणारे लोक जगात आहेत, परंतु ती एकालाही वाचता येत नसती, तरी मुलीचेच म्हणणे बरोबर ठरले असते. जे खोटे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ते 'अस्सल इजिप्शियन कला' म्हणून विकणार नाही, असे सतरा वर्षांची मुलगी वडिलांना तोंडावर सांगते आणि वडील तिचा मोबाइल काढून घेण्याची भाषा करतात, हे वाचून मला वाईट वाटले. हा हट्ट मोडण्याचा उपाय माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी तो आपल्याला सांगितला नसता.

आपण तिची तीन चित्रे पाठवलीत आणि 'वेळेचा अपव्यय' असा शेरा मारून तिच्या वहीच्या एका पानाचा फोटोही जोडलात. त्या पानापाशी मी बराच वेळ थांबले. ए.आय.ने केलेल्या चित्रात मृताच्या हृदयाची तोलणी चालू आहे आणि कोल्ह्याच्या मुखाचा देव अनुबिस तराजूपाशी आहे. रंग डोळ्यांत भरतात. मात्र अनुबिसाचे खांदे तिरके वळलेले आहेत आणि हनुवटीखाली सावली पडली आहे. इजिप्तच्या चित्रकाराने चेहरा बाजूने, डोळा व खांदे समोरून आणि पाय पुन्हा बाजूने दाखवले असते. सावली तर त्याने काढलीच नसती. वहीत आपल्या मुलीने तीच आकृती पेन्सिलने नव्याने काढली आहे आणि तीवर चौकटी आखल्या आहेत : तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत अठरा, गुडघा सहाव्या रेषेवर, खांदा सोळाव्या रेषेवर. उभ्या आकृतीसाठी इजिप्तचे चित्रकार शतकानुशतके हेच प्रमाण वापरत असत आणि काही अपूर्ण राहिलेल्या थडग्यांच्या भिंतींवर त्यांच्या लाल रेषा आजही दिसतात. समासात तिने लिहिले आहे, "दोन्ही पारड्यांत पीसच आहे. मग तोलले काय?" एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस असायला हवे, हे तिला ठाऊक आहे. यंत्राची चूक तिने प्रमाणाने आणि अर्थाने, अशी दोन्ही अंगांनी पकडली आहे. मोबाइलवर चमकणारे चित्र आपल्याला तिचे कौशल्य वाटले. तिचे खरे कौशल्य ज्या पानावर आहे, त्यावर आपण अपव्ययाचा शेरा मारलात.

आता आपल्या मुख्य समजाविषयी. ए.आय.ने चित्रे करणाऱ्या मुलीला ए.आय.चे अभियांत्रिकी शिक्षण आवडेल, असे आपण धरून चालला आहात. त्या शाखेत रेखीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग हे पायाचे विषय असतात, आणि गणित हाच आपल्या मुलीचा सर्वांत कच्चा व सर्वांत नावडता विषय असल्याचे आपल्याच पत्रात आहे. ज्याला छायाचित्रे काढायला आवडतात त्याने भिंगे घडवण्याच्या कारखान्यात नोकरी करावी, असे आपण म्हणत नाही. चित्रे करणारे हे मॉडेल असंख्य चित्रांवरून रंगरूपाच्या सवयी शिकते. त्या चित्रांत थडग्यांच्या छायाचित्रांबरोबर पर्यटकांसाठी रंगवलेले पपायरस आणि सिनेमाची पोस्टरही असू शकतात, म्हणून त्याचे इजिप्त सरमिसळ होऊन बाहेर येते. त्याची चित्रलिपी तर निव्वळ अक्षरांसारखी नक्षी असते. त्या चित्रापुढे बसून काय चुकले हे सांगणारा माणूस लागतोच, आणि तो पारड्यांकडे बघून तयार होतो.

इंग्रज चित्रकार व पुढे उत्खननकार झालेला हॉवर्ड कार्टर १८९१ मध्ये इजिप्तला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याचे काम होते बेनी हसन येथील थडग्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे. राजा तुतनखामेनचे प्रसिद्ध थडगे त्याला त्यानंतर एकतीस वर्षांनी सापडले. आपल्याकडेही १८७२ पासून जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. हे काम संपलेले नाही. इजिप्तमधील लक्सर येथे शिकागो विद्यापीठाचे पथक १९२४ पासून मंदिरांच्या भिंतींवरील लेख व चित्रे रेखाटत आहे. आता त्यात संगणकाचाही वापर होतो, तरी चित्रकाराने काढलेली रेघ न् रेघ अभ्यासक मूळ भिंतीशी ताडून पाहतात.

इजिप्तविद्येच्या नोकऱ्या भारतात जवळजवळ नाहीत, हे मी लपवणार नाही. परंतु उत्खननातील वस्तूंचे रेखाटन, संग्रहालयांची मांडणी, चित्रांचे जतन आणि पुस्तकांसाठी चित्रे या कामांना असाच डोळा आणि असाच हात लागतो. तिने बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी, डिझाइनच्या शिक्षणासाठीच्या यूसीड व एनआयडीच्या प्रवेश परीक्षाही पाहाव्यात. पुढे पुरातत्त्वाकडे वळायचे असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. ए.आय. तिने मुळीच सोडू नये. रोज एक चित्र करून घ्यावे, त्यावर चौकटी टाकाव्यात आणि चुका लिहाव्यात. ताडून पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने चित्रकार नीना डेव्हिस यांनी केलेल्या थडग्यांतील चित्रांच्या प्रतिकृती ऑनलाइन ठेवल्या आहेत. पोस्टर विकावीशी तिला स्वतःला वाटली, तर ती तिच्या हातची असावीत, ए.आय.ची मदत घेतली असल्यास तसे त्यांवर लिहावे आणि त्यांतली लिपी तिने शिकून काढलेली असावी.

आगाऊ भरलेली रक्कम परत मिळण्याची मुदत आजच महाविद्यालयाकडे विचारून घ्या. रक्कम बुडाली, तरी त्यापायी मुलीची चार वर्षे तिथे घालवू नका. आणि यापुढचे पत्र तिने लिहावे, आपण ते आधी वाचू नये. वहीच्या आणखी काही पानांचे फोटो तिने जोडले तर मला हवे आहेत. मूळ वही मात्र तिच्याजवळच राहू द्या.