पाणी उकळायला लागल्यावर आच वाढवली तरी तापमान १०० अंशांवरच का थांबतं?

कारण त्या वेळी दिलेली उष्णता पाणी आणखी तापवण्यात नाही, तर त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. द्रवात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. उकळताना ही पकड सुटायला हवी, आणि येणारी ऊर्जा तिथेच जाते. रेणूंचा सरासरी वेग वाढत नाही, म्हणून तापमापीतला पारा जागचा हलत नाही. वाफ करण्यात खर्ची पडणाऱ्या या उष्णतेलाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात.

आकडे बघितले की खरी गंमत कळते. १ ग्रॅम पाणी ० वरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला साधारण १०० कॅलरी पुरतात. पण त्याच १ ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात! म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो. वाफेचं त्वचेवर पुन्हा पाणी होतं आणि ती सगळी उष्णता तिथेच बाहेर पडते. प्रयोग करताना हात नक्की जपा.

आच वाढवली की बुडबुडे जोरात येतात, पाणी लवकर आटतं, एवढंच. आणि हो, १०० अंश हे समुद्रसपाटीच्या दाबाला. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, तिथे पाणी त्याआधीच उकळतं. प्रेशर कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून सुमारे १२० अंशांना.