कोळशावर चालणाऱ्या ५ इंची गेजच्या (रुळांमधील अंतर ५ इंच असलेल्या) प्रारूप वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये अग्निनलिका किती आणि कोणत्या व्यासाच्या असाव्यात?

आपण दिलेल्या मापांनुसार दोन ट्यूब प्लेटमधील (ज्या पत्र्यांत नळ्यांची टोके बसतात त्यांतील) अंतर २५० मिमी, कोळसा जळतो ती जाळी ८० × १२५ मिमी आणि कामाचा दाब ५.५ बार आहे, आणि तापपृष्ठ, म्हणजे गरम वायूकडून पाण्याला उष्णता देणारा पृष्ठभाग, वाढावे म्हणून ६ मिमी आतील व्यासाच्या ४० नळ्या बसवण्याचा आपला विचार आहे. माझ्या मते १२ मिमी बाहेरील व १० मिमी आतील व्यासाच्या १६ नळ्या घ्याव्यात. कागदावर त्यांचे तापपृष्ठ कमी भरेल, पण प्रत्यक्षात वाफ त्याच चांगली धरतील.

मोठ्या रेल्वे इंजिनाच्या नळीत वायूचा प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे घुसळत जाणारा, असतो, म्हणून तेथे नळीची लांबी आतील व्यासाच्या सुमारे शंभरपट ठेवण्याचा ठोकताळा चालतो. आपल्या नळ्यांत मात्र व्यास आणि वेग दोन्ही लहान असल्यामुळे रेनल्ड्स अंक (प्रवाह संक्षुब्ध की शांत हे दाखवणारा आकडा) काही शेकड्यांतच राहतो आणि प्रवाह स्तरीय, म्हणजे थराथराने शांत वाहणारा, होतो. अशा प्रवाहात, वेग तोच धरला तर, वायू आपली किती उष्णता पाण्याला देईल हे लांबी भागिले आतील व्यासाचा वर्ग या गुणोत्तरावर ठरते, आणि गंमत अशी की नळीचा विरोधही याच गुणोत्तराच्या प्रमाणात वाढतो. सी. एम. कीलर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो : मापे इंचांत घेतल्यास हे गुणोत्तर ५० ते ७० असावे, म्हणजे मिलिमीटरमध्ये साधारण २ ते २.७५.

आता आपले आकडे घालून पाहू. १० मिमी आतील व्यासासाठी २५० भागिले १०० म्हणजे २.५ येते आणि ते मर्यादेत बसते. ६ मिमीसाठी २५० भागिले ३६ म्हणजे जवळजवळ ७ येते. याचा अर्थ वायूची बहुतेक उष्णता नळीच्या पहिल्या भागातच संपेल, कारण ५.५ बारला पाणी व वाफ सुमारे १६२ अंश सेल्सिअसला असतात आणि वायू त्याहून थंड होऊ शकत नाही. उरलेली लांबी केवळ ओढ, म्हणजे आगीतून नळ्यांत वायू खेचणारा प्रवाह, अडवत राहील. विरोध सुमारे २.८ पट होईल, आणि तो भरून काढण्यासाठी ब्लास्ट नोझल (वापरलेली वाफ धुराड्यात सोडून ओढ निर्माण करणारे तोंड) अरुंद करावे लागून सिलिंडरवर मागचा दाब वाढेल. शिवाय कोळशाची राख आहेच. माझ्या पहिल्या बॉयलरमध्ये मी अशाच बारीक नळ्या घातल्या होत्या. इंजिन पंधरा मिनिटे उत्तम चालायचे आणि मग ब्रश घेऊन बसावे लागायचे.

नळ्यांची संख्या जाळीवरून काढावी. सर्व नळ्यांच्या आतील छेदांचे एकूण क्षेत्रफळ जाळीच्या १२ ते १५ टक्के ठेवतात. आपली जाळी १०,००० चौ. मिमी आहे आणि १० मिमीच्या एका नळीचा छेद ७८.५ चौ. मिमी आहे, त्यामुळे १६ ते १९ नळ्या हे उत्तर मिळते. सुपरहीटरसाठी (वाफ आणखी तापवणाऱ्या भागासाठी) मोठ्या नळ्या घालणार असाल तर आतील एलिमेंटने, म्हणजे वाफ नेणाऱ्या बारीक नळीने, व्यापलेली जागा वगळून त्यांचे मोकळे क्षेत्रफळ याच हिशेबात धरावे. मी १६ वर थांबेन, कारण वाचलेली जागा पाण्याच्या अभिसरणाला मिळते आणि दोन नळ्यांमध्ये ३ मिमीपेक्षा कमी धातू कोठेही उरत नाही. तापपृष्ठ घटेल अशी काळजी करू नये. वाफेचा मोठा वाटा अग्निपेटीच देते.

नळीची जाडी १ मिमी पुरेशी आहे. दाब बाहेरून असला तरी ५.५ बारला १२ मिमी नळीच्या भिंतीतील ताण सुमारे ३.३ न्यूटन प्रति चौ. मिमी इतकाच येतो, आणि तो तापवून मऊ पडलेल्या तांब्यालाही किरकोळ आहे. "मजबुतीसाठी" १.५ मिमी जाडी घेतल्यास आतील व्यास ९ मिमी होऊन गुणोत्तर ३ च्या पुढे जाते. वातानुकूलन यंत्रांसाठी मिळणारी अर्ध्या इंचाची तांब्याची नळीही चालते. ती फॉस्फरसयुक्त, ऑक्सिजनरहित तांब्याची असल्याने चांदीच्या झाळीला (चांदीयुक्त मिश्रधातू वितळवून सांधे जोडण्याला) योग्य असते. फक्त तिची जाडी मोजून गुणोत्तर पुन्हा काढावे.

ट्यूब प्लेटमधील छिद्रे नळीपेक्षा सुमारे ०.१ मिमी मोठी ठेवावीत, म्हणजे झाळ सांध्यात आत खेचली जाते. घट्ट ठोकून बसवलेल्या नळीभोवती ती वरवरच राहते. झाळकाम झाल्यावर बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा अजिबात न ठेवता, हातपंपाने ११ बारपर्यंत, म्हणजे कामाच्या दाबाच्या दुप्पट, चाचणी घ्यावी आणि दाब टिकून असताना दोन्ही ट्यूब प्लेटवरील प्रत्येक सांधा पाहावा.