सायलेन्सर म्हणू की सप्रेसर? गेममधल्या बंदुका आणि आपली मराठी

प्रश्न असा आलाय. कोल्हापूरचाच एक पोरगा काउंटर-स्ट्राइक आणि बीजीएमआय ह्या बंदुकांच्या गेमची मराठीत कॉमेंट्री करतो. त्याचं म्हणणं, आवाज कमी करायला बंदुकीच्या नळीवर जो डबा लावतात त्याला एका गेममध्ये ‘सायलेन्सर’ म्हणतात, दुसऱ्यात त्याच वस्तूला ‘सप्रेसर’ लिहिलेलं असतं, चॅटमध्ये एकजण रोज सांगतो की सायलेन्सर हा शब्दच चुकीचा आहे, आणि बाकीचे हसतात की बुलेट गाडीचा सायलेन्सर लावलास काय बंदुकीला. मग मराठीत म्हणायचं काय? आणि जाता जाता क्लिप, मॅगझिन, गोळी, काडतूस, ट्रिगर यांचंही सांगा म्हणतोय.

भावा, आधी त्या चॅटमधल्या शहाण्याचं बघू. त्याचा मुद्दा असा असणार की बंदुकीचा आवाज बंद होतच नाही, नुसता कमी होतो, म्हणून सप्रेसर बरोबर. आता आवाजाचं त्याचं खरं आहे. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि चांगला सायलेन्सर लावला तर त्यातले २० ते ३५ उतरतात, म्हणजे उरतो तोही चांगला सणसणीत आवाज असतो, गेममधला तो ‘फुस्स’ म्हणजे साउंडवाल्यांनी टाकलेला मसाला. पण म्हणून शब्द चुकीचा कसा? ही वस्तू ज्यानं पेटंट घेऊन बाजारात आणली त्यानंच तिला हे नाव दिलं. अमेरिकेतला हायरम पर्सी मॅक्झिम, १९०९ साली पेटंट मिळालं, आणि ‘मॅक्झिम सायलेन्सर’ म्हणूनच तो ती विकायचा. (ह्याचा बाप म्हणजे मशीनगनवाला मॅक्झिम. बापानं तोफखान्यागत आवाज करून ठेवला आणि पोरगं तो कमी करायच्या मागं लागलं, घरोघरी मातीच्या चुली.) सप्रेसर हे नाव नंतर रुळलं, तांत्रिक लिहिणाऱ्यांना ते बरं वाटतं, ठीक आहे. गेमवाल्यांचंच बघ ना, काउंटर-स्ट्राइकमध्ये एम४ए१-एस आणि यूएसपी-एस ह्या बंदुका आहेत त्यातला एस सायलेन्सरचाच.

आता बुलेटचं. हसू देत त्यांना, कारण हसणाऱ्यांना माहीत नाही की दोन्ही डबे एकाच खानदानातले आहेत. मॅक्झिम बंदुकीवर काम करत होता त्याच सुमाराला इंजिनाच्या आवाजावरही काम करत होता आणि तत्त्व तेच आहे: गरम गॅस एका दमात बाहेर पडला की धाडकन वाजतो, तोच गॅस आतल्या पडद्यापडद्यांतून फिरवून, पसरवून, जरा गार करून सोडला की आवाज मऊ पडतो. आपल्याकडं राजारामपुरीत रात्री दहाला जी फटफट ऐकू येते ती आतलं सामान काढून टाकलेल्या डब्याची. म्हणजे सायलेन्सर असून सायलेंट नसणं हे आपल्याला गाडीवरनं आधीच पाठ आहे, मग बंदुकीच्या बाबतीतच एवढी कटकट कशाला?

तेव्हा वस्तूला सायलेन्सरच म्हण. ‘ध्वनिशामक’, ‘आवाजनिरोधक’ असले शब्द कुणी सुचवले तर नमस्कार करून बाजूला ठेव, वर्तुळ लहान होत चाललंय, मागनं जीप येतीय आणि तू आवाजनिरोधक उच्चारतोयस, तोवर तुझा माणूस मरून लॉबीत, म्हणजे खेळाबाहेर, पोचलेला असतो.

पण सायलेन्सर लावून मारलेल्या बाराला शब्द पाहिजे असेल तर आहे, आणि तो मला लय आवडतो: दबका. आपण ‘दबक्या आवाजात बोलत होते’ म्हणतोच की. सप्रेसरमध्ये जो दाबण्याचा अर्थ आहे तो ह्यात आपोआप आला. जर्मन लोक तर ह्या वस्तूला नावच तसं देतात, शालडेम्फर, म्हणजे आवाज दबवणारा, आणि एमपी५एसडी ह्या त्यांच्या बंदुकीतला एसडी तोच आहे. (फ्रेंच उलट सिलान्स्यू म्हणतात, म्हणजे सायलेन्सरच्या घरातला.) ‘दबका बार टाकला आणि खिडकीतला टिपला’, हे बोलून बघ, कसं बसतंय तोंडात. फक्त ‘फुसका बार’ म्हणू नकोस. फुसका म्हणजे न उडालेला, वाया गेलेला. समोरचा आडवा झालाय आणि तू फुसका म्हणतोयस, हे काय बरोबर नाही.

बार हा शब्दही वापर, जुना आणि दणकट आहे. बाजीप्रभू घोडखिंडीत कशाची वाट बघत होते? विशाळगडावरनं तोफेचे बार कधी ऐकू येतात ह्याची. शॉटला मराठी नाही असं कुणी म्हटलं तर त्याला पावनखिंडीला घेऊन जा एकदा.

दबक्या बारात अजून एक गंमत आहे ती कॉमेंट्रीत कामाला येईल. गोळी झाडली की दोन आवाज असतात. एक नळीच्या तोंडाचा, तो सायलेन्सर दाबतो. दुसरा हवेतला, गोळी आवाजापेक्षा जोरात गेली, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या वर, की ती जाईल तिथं चाबूक मारल्यासारखा कडाका होतो आणि तो कुठल्याच डब्यानं जात नाही. म्हणून चोरून मारायच्या बंदुकांना हळू गोळी लागते. हिटमॅन गेममधल्या ४७ नावाच्या मारेकऱ्याच्या दोन सिल्व्हरबॉलर आठवतात ना, त्या एएमटी हार्डबॉलर नावाच्या खऱ्या पिस्तुलावरनं घेतल्यात, पॉइंट पंचेचाळीस कॅलिबर, गोळी जाडजूड आणि वेग २५० मीटरच्या आसपास, म्हणजे कडाका होतच नाही. एमपी५एसडी मध्ये तर नळीलाच भोकं पाडून थोडा गॅस आधीच काढून घेतात, त्यामुळं साधी नाइन एमएमची गोळीसुद्धा हळू पडते. बीजीएमआयमधली व्हीएसएस पण ह्याच जातीची, मुद्दाम जड आणि हळू गोळीसाठी रशियनांनी केलेली, सायलेन्सर अंगातच. तर बार दबका आणि कडाका वेगळा. हे दोन शब्द वेगळे ठेवलेस तर ऐकणाऱ्याला नुसत्या आवाजावरनं कळेल कुणी काय वापरलंय.

तिसराही एक आवाज असतो, लोखंडाचा. पिस्तुलाची वरची स्लाइड मागं जाऊन पुढं येते तेव्हा खटक होतं. मेटल गियर सॉलिड ३ ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल, बेशुद्ध करणारं जे पिस्तूल असतं त्यात प्रत्येक गोळीनंतर गेमचा हिरो हातानं स्लाइड ओढतो. ती उगीच स्टाइल म्हणून नाही. खरं मार्क २२, टोपणनाव हश पपी, व्हिएतनाममध्ये अमेरिकन नेव्ही सील्सकडं होतं, पहाऱ्यावरची कुत्री गप करायला म्हणून ते नाव, आणि त्यात स्लाइड जागेवर अडकवून ठेवायची सोय होती म्हणजे तो खटकसुद्धा होऊ नये. बेशुद्धीचं इंजेक्शन वगैरे मात्र गेमवाल्यांनी घातलंय, आणि गोष्ट १९६४ ची आहे, खरं पिस्तूल आलं त्याच्यानंतर. ‘खटक’ लिहिताना लाजू नकोस, आपल्या भाषेत आवाजाचे शब्द ढिगानं पडलेत, ठो, ढुम्म, फट, खट, सूंऽ, आणि इंग्रजी कॉमेंट्रीवाल्याला इथं आपल्याशी पंगा घेता येत नाही.

आता क्लिप आणि मॅगझिन. गेममध्ये सगळे क्लिपच म्हणतात पण वस्तू दोन आहेत. मॅगझिन म्हणजे गोळ्या ज्यात भरलेल्या असतात आणि स्प्रिंगनं वर ढकलल्या जातात तो डबा, एके किंवा एम४ चा साधारण ३० गोळ्यांचा. क्लिप म्हणजे गोळ्या नुसत्या एकत्र धरणारी पत्र्याची पट्टी. कार-९८ ह्या रायफलीला पाच गोळ्यांची पट्टी वरनं लावून अंगठ्यानं आत दाबतात, ती पट्टी म्हणजे क्लिप. दुसऱ्या महायुद्धाच्या गेममध्ये एम१ गॅरँड रायफलीची शेवटची, आठवी गोळी सुटली की ‘टिंग’ करून जे उडतं तीपण क्लिप. बाकी सगळीकडं मॅगझिन. आपल्या पेपरातही पोलिसांच्या बातमीत मॅगझिनच छापतात.

मॅगझिनला मराठी शोधायला जाऊ नको कारण तो आपला लांबचा पाव्हणाच निघतो. मूळ अरबी, मखाझिन, म्हणजे कोठारं, आणि त्याच धातूपासनं आपला खजिना. गोळ्यांचं कोठार ते मॅगझिन, लेखांचं कोठार तेपण मॅगझिन. दारूगोळ्याच्या कोठाराला इंग्रज मॅगझिन म्हणायचे ते ह्याच अर्थानं. वेलरॉड म्हणून एक ब्रिटिश पिस्तूल आहे, दुसऱ्या महायुद्धात हेरांसाठी केलेलं, स्नायपर एलिटमध्ये दिसतं, सायकलच्या पंपासारखी नळी आणि खाली दस्ता. त्यात दस्ता म्हणजेच मॅगझिन, काढून खिशात टाकला की हातात उरते ती नुसती नळकांडी. दस्ता हा शब्द बघ, कुऱ्हाडीचा, चाकूचा, पिस्तुलाचा, सगळ्यांना चालतो. ग्रिप कशाला पाहिजे?

गोळी आणि काडतूस ह्यात लोक गोंधळ घालतात पण आपल्या क्राइम रिपोर्टरांचं ह्याबाबतीत एकदम चोख असतं. ‘एक गावठी कट्टा व चार जिवंत काडतुसे जप्त’, ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या’. ह्या दोन वाक्यांत सगळं आलं. काडतूस म्हणजे गोळी, दारू आणि पितळी कवच मिळून अख्खं. न उडालेलं ते जिवंत. उडाल्यावर समोर जाते ती गोळी आणि बाजूला पडते ती पुंगळी. गेममध्ये फरशीवर ज्या टणाटणा पडतात त्या पुंगळ्या, त्याला ‘शेल’ म्हणत बसायचं काहीच कारण नाही. बारीक गोळ्या असतील तर छर्रे. आणि एस६८६ शॉटगन आहे ना तुमच्या बीजीएमआयमध्ये, बेरेटावरनं घेतलेली, तिला सरळ दुनळी म्हण, गावाकडं लायसनची बारा बोअरची ज्यांच्या घरात होती ते सगळे तेच म्हणतात.

बाकी ‘शुद्ध मराठी’ शोधणाऱ्यांसाठी एवढंच, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडनं आलेत, तोफ आणि तमंचा तुर्कीतनं, बंदूक अरबीतनं. तिथं बुंदुक म्हणजे हेझलनट, तसल्या गोल गोळ्या मारायचे म्हणून. आता ह्यातला कुठला परका वाटतो सांग बघू. सायलेन्सर त्याच रांगेत उभा आहे, जरा मागं इतकंच.

ट्रिगरला चाप किंवा खटका. ‘घोडा दाबला’ पण चालतं, लोक म्हणतात, पण घोडा खरा म्हणजे मागं ओढून ठेवतात आणि चाप ओढला की पुढं आपटतो तो. रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा वेगळा दाखवता येतो, रायफलीत बाहेरनं दिसतच नाही म्हणून तिथं चापच बरा.

आणि एम मारणे, म्हणजे नेम धरणे? अरे, तू कोल्हापूरचा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं. एवढी नेमबाज माणसं असलेल्या जिल्ह्यात बसून तू ‘त्यानं एम घेतला’ म्हणणार? नेम धरला, नेम बसला, नेम हुकला, टिपला, वेध घेतला, पाहिजे ते उचल. फक्त वेध फायनलला राखून ठेव, दर किलला वेध घेतलास तर पेपरच्या हेडलाइनसारखं वाटायला लागतं.

बंदुकांची नावं मात्र पोरं म्हणतात तशीच ठेव. जुन्या काउंटर-स्ट्राइकच्या मेनूत एके-४७ला सीव्ही-४७ आणि डेझर्ट ईगलला नाइट हॉक लिहिलेलं असायचं, कॅफेत एक माणूस तसं म्हणाला असेल तर शपथ. सगळे एके आणि डीगलच म्हणायचे. हेडशॉटलापण हात लावू नकोस. अगदीच राहवलं नाही तर ‘डोस्क्यात घातली’ म्हण, रात्री अकराच्या पुढं, लहान पोरं झोपल्यावर.